सकाळी निघावे, सायंकाळी परतावे

माझी एक पुतणी परिचारिका असून गेली तीन वर्षे ती स्वित्झर्लंडमधील लोझान या शहरी एका रुग्णालयात नोकरीस आहे. पूर्वी परदेशच्या पत्राची वाट पाहण्यात महिना जाई. आता ते क्षणात हातातील फोनवर येऊन दाखल होते, आणि सोबत दहावीस छायाचित्रेही येतात. तिकडील लोकांची एक चाल तिला फार आवडली आहे. सुटीचा दिवस उगवला की पाव, चीज व पाण्याची बाटली पिशवीत घालून कुटुंबेच्या कुटुंबे सकाळच्या आगगाडीने बाहेर पडतात, जवळचा एखादा किल्ला, एखादा मठ अगर सरोवराचा काठ पाहतात आणि दिवेलागणीस घरी परततात. तीही तसेच करू लागली आहे. जिनिव्हा सरोवराच्या पाण्यात उभा असलेला शियोंचा किल्ला तिने पाहिला. तेथे बोनिव्हार नावाच्या मठाधिपतीस सहा वर्षे कोंडून ठेवले होते आणि १५३६ साली त्याची सुटका झाली. पुढे ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील, ५१५ साली स्थापन झालेला संत मॉरिस यांचा प्राचीन मठही तिने पाहिला. पत्राच्या शेवटी तिने सहज विचारले होते, "काका, तुमच्या बुऱ्हाणपुरात असे पाहण्याजोगे काही आहे का?"

प्रश्न साधा होता. पण उत्तर लिहावयास बसलो आणि लेखणी अडली. सहा वर्षे मी या गावी राहत आहे. मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी, शाळेची कामे, दूरच्या खेड्यांतील कुटुंबे यांत दिवस कसे जातात ते कळत नाही, हे खरे. तथापि माझ्या दारापासून तासाभराच्या अंतरावर काय आहे, हे मला इतरांच्या तोंडूनच ठाऊक होते. पुतणीस ऐकीव उत्तर पाठविणे बरे वाटेना. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी ठरविले की तीन मोकळ्या दिवशी तीन सहली करावयाच्या. सकाळी निघावयाचे आणि सायंकाळच्या प्रार्थनेस परत यावयाचे.

माझे बिऱ्हाड बुधवाऱ्यात आहे. पुण्यास जशा बुधवार, शनिवार अशा पेठा, तसे येथे बुधवारा, शनवारा, इतवारा असे वारांच्या नावांचे मोहल्ले आहेत. सकाळी गल्लीत यंत्रमागांची खटखट सुरू होते ती रात्रीपर्यंत चालते. बोलणे हिंदी, उर्दू, मराठी आणि निमाडी यांचे मिश्रण असते. रावेर आणि जळगावकडील पाहुण्यास येथे परके वाटत नाही. हा मुलूख मध्य प्रदेशात असला आणि २००३ पासून बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला असला, तरी मूळचा हा खानदेश. फारुकी सुलतानांची ही राजधानी होती. बुऱ्हानुद्दीन या सूफी संताच्या नावावरून तिला नाव मिळाले.

माझ्यासोबत तिन्ही वेळा आमच्या मंडळीतील एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांचे नाव देत नाही. त्यांना ते आवडणार नाही. तीस वर्षे त्यांनी एका कापडगिरणीत काम केले. गिरणी बंद पडली, आणि आता त्यांचा मुलगा बायकामुलांसह सुरतेस जाण्याच्या विचारात आहे. "फादर, पाहून काय करायचे? आपण इथलेच," असे ते प्रथम म्हणाले. पण नातवास बरोबर घ्या म्हणताच तयार झाले.

पहिल्या दिवशी आम्ही लालबागेकडे गेलो. बुऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक याच बाजूस आहे, तेव्हा गाडीने येणाऱ्या वाचकांस हे ठिकाण सर्वांत सोयीचे. शेतांतून चालताना एका ओळीत, ठराविक अंतरावर, विहिरीच्या काठासारखी गोल बांधकामे दिसू लागतात. ही एक, ती दुसरी, पलीकडे तिसरी, अशी ती दृष्टी पोहोचेल तिथवर सातपुड्याच्या दिशेने गेली आहेत. यांना कुंड्या म्हणतात, आणि या साऱ्या व्यवस्थेस कुंडी भंडारा. लोक खुनी भंडाराही म्हणतात, व त्या नावाची कारणे प्रत्येक जण निराळी सांगतो. अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे हिंदी शाळेतील प्रत्येक मुलास ज्याचे दोहे पाठ असतात तोच कवी रहीम, येथे मोगलांचा सुभेदार असताना १६१५ साली हे काम झाले.

त्याची युक्ती अशी. सातपुड्याच्या उतारावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते व खाली खाली झिरपत तापीकडे येते. ते वाटेतच अडवावे म्हणून डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली बोगदा खणला. बोगद्यास उतार दिला, पण जमिनीच्या उतारापेक्षा कमी. म्हणून पाणी आपल्या भाराने वाहत शहराकडे येते आणि शहराजवळ पोहोचेपर्यंत पृष्ठभागाच्या निकट आलेले असते. मोट नको, रहाट नको, बैल नको. कुंड्या आहेत त्या हवेसाठी, आणि गाळ काढण्यासाठी माणसास आत उतरता यावे म्हणून. अशा शंभरावर कुंड्या एका बोगद्याने जोडल्या आहेत. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा अशी याच्या जोडीच्या इतर कामांची नावे. चिंताहरण! दुष्काळी मुलखातील माणसानेच ठेवावे असे हे नाव आहे. ही विद्या मूळची इराणची. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्की ज्यांनी पाहिली असेल त्यांस मलिक अंबरची नहर ठाऊक असेलच. तीही याच कुळातली आणि जवळपास त्याच काळातली.

एका कुंडीत खाली उतरण्यासाठी पाळण्याची सोय केलेली आहे. ती चालू आहे की नाही याची चौकशी करून मगच जावे. आम्ही गेलो त्या दिवशी ती चालू होती. सुमारे ऐंशी फूट खाली गेल्यावर गारवा अंगास झोंबला. पायाखाली वाहते, स्वच्छ पाणी. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर इतके चढले आहेत की दिव्याच्या उजेडात बोगदा संगमरवरी वाटावा. दिसावयास ते सुंदर आहे. पण तोच चुना झऱ्यांची तोंडे बुजवीत आणि वाट अरुंद करीत चालला आहे. वर आल्यावर सभोवती केळीच्या बागा दिसतात. बुऱ्हाणपूरची केळी दूरदूर जातात व त्यावर सहस्रावधी घरे पोसली जातात. केळीस पाणी मात्र फार लागते, आणि जो तो विंधणविहीर शेजाऱ्याच्या विहिरीपेक्षा खोल नेऊ पाहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या बोगद्यात उतरणारे पाणी त्यांच्याही खाली गेले तर काय, हा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर कोणासही सुचेल. २०२४ साली या स्थळाचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले, ही आनंदाची गोष्ट होय. यादीने पाणी वाढत नाही, हेही तितकेच खरे.

आमच्या वृद्ध सोबत्यांनी नातवास कुंडीच्या काठाशी घट्ट धरून ठेवले होते. पोराच्या हातात दगड होता. "टाकू नको," ते म्हणाले, "हे पिण्याचे पाणी आहे." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आमच्या आईने याच पाण्यावर संसार केला, फादर. मी आज पहिल्यांदा बघतोय."

दुसरी सहल तापीपलीकडची. वाटेत जामा मशीद लागते. ती आतून पाहावी. आदिलशाह फारुकीने १५९० च्या सुमारास पुरी केलेल्या या मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. आमच्यातील पुष्कळांस हे सांगून खरे वाटत नाही. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली दक्षिणेस नांदेडकडे जाताना येथे थांबले होते, त्यांच्या स्मृतीचा मोठा गुरुद्वारा आहे. दाऊदी बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी तर इतका स्वच्छ व शांत की आमच्या चर्चच्या आवारांनी त्यापासून काही शिकावे. या साऱ्यांविषयी लिहू लागलो तर तापी ओलांडणे राहून जाईल.

नदीच्या अलीकडे शाही किल्ल्याच्या पडक्या भिंती, आतील हमामखान्याच्या छतावर उरलेले रंगकाम, पलीकडे जैनाबाद. किल्ल्यातच १७ जून १६३१ रोजी शाहजहानची बेगम मुमताज महल वारली. चौदावे बाळंतपण होते ते, आणि वय अवघे अडतीस. मुलगी जगली; तिचे नाव गौहरआरा. बेगमेस प्रथम पुरले ते पलीकडे जैनाबादच्या बागेत, आहूखान्याच्या परिसरात. आहू म्हणजे हरीण. हरणांसाठी राखलेले ते उपवन होते. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, देह आग्र्यास नेण्यात आला आणि पुढे ताजमहाल उभा राहिला. आग्र्यास लाखो लोक जातात. येथे आम्ही गेलो तेव्हा दोन गुराखी आणि त्यांच्या शेळ्या होत्या. मोडकी कमान, रानटी गवत, खाली संथ नदी.

मला मात्र तेथे ताजमहालापेक्षा दुसरीच गोष्ट आठवत राहिली. बादशाह येथे दक्षिणेच्या मोहिमेसाठी आला होता, आणि त्याच दिवसांत, १६३० पासून, गुजरात व दख्खनवर घोर दुष्काळ कोसळला होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी सुरतेहून आग्र्यास जाताना याच मुलखातून गेला आणि रस्त्याकडेला पडलेली प्रेते व भुकेने वेडी झालेली माणसे यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे. त्या दोन वर्षांत खानदेशातील किती आया बाळंतपणात व उपासमारीत गेल्या असतील! त्यांच्यासाठी दगडावर दगड कोणी ठेवला नाही. हे बादशाहास दूषण म्हणून लिहीत नाही. दुःख त्याचेही खरेच होते. मात्र आमच्या सोबतीस आलेल्या बायकांपैकी एकीने आहूखान्यात उभे राहून विचारले, "चौदावे? कोणी सांगितले नाही का हो तिला, पुरे म्हणून?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

परतताना मोहना व तापी यांच्या संगमावरील राजाची छत्री पाहिली. हा राजा म्हणजे मिर्झाराजा जयसिंग. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारा हाच. पुढे विजापूरच्या मोहिमेत त्याला अपयश आले, बादशाहाची मर्जी उतरली, परत बोलावणे झाले आणि १६६७ च्या ऑगस्टात तो बुऱ्हाणपुरास मरण पावला. महाराष्ट्रातील शाळकरी मुलांस तहापर्यंतचा जयसिंग ठाऊक असतो. नंतरचा या संगमावर भेटतो. आणि हेच ते बुऱ्हाणपूर, ज्याच्या बहादुरपुऱ्यावर १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांची फौज तुटून पडली.

तिसरी सहल अशीरगडाची. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण तेथे माझे काही घरचे काम होते म्हणा ना. गड शहराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, खांडव्याच्या रस्त्यालगत आहे. सातपुड्याच्या खिंडीवर पहारा देत तो पायथ्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंच उठला आहे. उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी फौज याच वाटेने जाणार, म्हणून यास दख्खनची किल्ली म्हणत. आसा अहीर नावाच्या गवळी राजाची कथा, फारुकी सुलतानाने डोल्यांत स्त्रियांऐवजी शिपाई बसवून गड घेतल्याची कथा, आणि वरच्या शिवमंदिरात पहाटे अश्वत्थामा फूल वाहून जातो ही कथा, अशा तिन्ही आम्हांस वाटाड्याने चढ संपण्यापूर्वीच सांगून टाकल्या. चढ दमविणारा आहे. पाणी भरपूर घ्यावे आणि उन्हाळ्यात जाऊच नये. वृद्ध सोबती तीनदा बसले, पण परत फिरा म्हणताच रागावले.

इ. स. १६०० मध्ये अकबर स्वतः बुऱ्हाणपुरास आला आणि या गडास वेढा पडला. त्याच्या छावणीत दोन येशूसंघीय होते. एक फादर जेरोम झेवियर, म्हणजे गोव्यास ज्यांच्या देहाचे दर्शन आपण घेतो त्या संत फ्रान्सिस झेवियरांच्या बहिणीचा नातू. दुसरे ब्रदर बेनेडिक्ट गोइश. गड तोफांशिवाय पडत नाही असे पाहून अकबराने फादरांस सांगितले की, पोर्तुगीजांस लिहून तोफा व दारूगोळा मागवा. फादर झेवियर यांनी नकार दिला. आमच्या धर्मात हे बसत नाही, असे त्यांनी सांगितले. बादशाह संतापला आणि त्याने दोघांस गोव्यास चालते होण्याची आज्ञा केली. दरबारातील एका हितचिंतकाच्या सल्ल्याने ते लगेच गेले नाहीत, आणि राग ओसरला. काही इतिहासकार म्हणतात की पोर्तुगीजांचा खानदेशच्या सुलतानाशी सलोखा होता, हे नकाराचे खरे कारण. असेलही. माणसाच्या एका कृतीस दोन कारणे असू शकतात. पण ज्याच्या अन्नावर व मर्जीवर आपण जगतो त्यास त्याच्याच तंबूत नाही म्हणणे, हे कारण कोणतेही असो, सोपे नव्हे.

१६०१ च्या जानेवारीत गड पडला. कसा पडला याविषयी दोन साक्षी आहेत. अबुल फजल सांगतो की आत रोगराई माजली. येशूसंघीय वृत्तांत सांगतो की सुलतान बहादुरखानास शपथ घालून बाहेर बोलावले व अडकवून ठेवले, आणि मग वरचे दरवाजे सोन्याने उघडले. गडावर तोफा चालविणारे सात पोर्तुगीजही होते. ते पाडावानंतर फादरांच्या हाती सोपविण्यात आले. म्हणजे ज्यांच्याकडून तोफा मागावयाच्या, त्यांचेच भाईबंद आतून तोफा डागीत होते! गोइश त्याच वर्षी अकबराच्या वकिलाबरोबर बुऱ्हाणपुराहून गोव्यास गेले. नंतर ते मध्य आशियातून पायी व घोड्यावर चीनच्या सीमेपर्यंत पोहोचले आणि १६०७ साली तेथेच वारले. अशीरगडाच्या तटावर उभे राहून खाली पाहिले म्हणजे छावणी कोठे पडली असेल याचा अंदाज येतो. आता तेथे कपाशी व केळी आहेत.

गडावर मशीद आहे, मंदिर आहे, पाण्याची टाकी आहेत. आणि एक पडके चर्चही आहे. ते मोगलांच्या काळचे नव्हे. १८१९ च्या एप्रिलात शिंद्यांच्या किल्लेदाराने, यशवंतराव लाडांनी, गड इंग्रजांच्या स्वाधीन केला. त्यानंतर येथे इंग्रजी पलटण राहिली, तिचे ते प्रार्थनास्थान. छप्पर नाही, भिंती उभ्या. जवळच कबरी आहेत. आम्ही पाहिल्या त्यांतील पुष्कळ शिळा फुटलेल्या, अक्षरे झिजलेली. थडगी लहान असली की ती मुलांची, हे वाचावयास अक्षर लागत नाही.

ही माणसे आपल्या पंथाची नव्हती, आणि आपल्या देशावर राज्य करावयास आली होती. मी क्षणभर थबकलो, हे कबूल केले पाहिजे. आमच्या वृद्ध सोबत्यांनी तेवढाही विचार केला नाही. त्यांनी खाली बसून एका लहान कबरीवरचे गवत हातांनी उपटावयास सुरुवात केली, आणि नातवास म्हणाले, "ये, तू तिकडचे काढ." मग आम्ही सर्वांनीच दहा-पंधरा मिनिटे ते काम केले व मृतांसाठी प्रार्थना म्हटली. डबे तेथेच उघडले. भाकरी, ठेचा, आणि आदल्या संध्याकाळी घेतलेली माव्याची जिलेबी. बुऱ्हाणपुरास येऊन ती न खाता जाणाऱ्यास मी प्रवासी म्हणणार नाही.

उतरताना वृद्ध गृहस्थ नातवास खालचा मुलूख दाखवीत होते. ती तापी, ती मशिदीची मिनारे, तिकडे लालबाग, कुंड्या तिथे. पोराने विचारले, "आबा, सुरतेस डोंगर आहे का?" आबांनी उत्तर दिले नाही, बराच वेळ ते चालत राहिले. मुलाच्या जाण्याचा विचार अद्याप कायम आहे. पोटापाण्याचा प्रश्न किल्ले पाहून सुटत नसतो, आणि मी त्याला राहा म्हणून सांगितलेलेही नाही.

येऊ इच्छिणाऱ्या वाचकांस इतकेच सांगतो. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीने सुमारे तासाभरात बुऱ्हाणपूर येते. पावसाळा संपल्यापासून होळीपर्यंतचे दिवस चांगले. एका दिवसात सर्व पाहू नये. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात येथून गेला आणि राजवाडा व दोनचार बडी घरे सोडली तर सगळी मातीची घरे आहेत, असे लिहून गेला. कुंडी भंडारा तेव्हा त्याच्या पायांखालीच तयार होत होता.

पुतणीस मी हे सर्व लिहून कळविले. तिचे उलट पत्र आले की नाताळच्या सुटीत ती येणार आहे, आणि तिला प्रथम कुंड्या पाहावयाच्या आहेत. पाणी आहे ना? म्हणून वैशाखात मी पुन्हा एकदा लालबागेकडे गेलो. पाळणा त्या दिवशी बंद होता. आबा व त्यांचा नातू बरोबर होते. पहिल्या दोन कुंड्यांशी कान देऊन काही ऐकू आले नाही. तिसऱ्या कुंडीवर पोर पालथे पडले, आम्ही दोघांनी त्याचे पाय धरले, आणि थोड्या वेळाने ते हात हलवून आम्हांस गप्प राहावयास सांगू लागले.